भंडारदरा: रंधा, अम्ब्रेला आणि बाकीचे धबधबे नक्की कधी सुरू असतात?

रानजाई | बुधवार, रात्री ९.१०
जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. त्यांना सपाटीवर चालता येतं, पायऱ्या मात्र जमत नाहीत. नेटवर फोटो पाहून गोंधळ होतोय. एकाच जुलैतले फोटो, पण एकात रंधा दुथडी भरून कोसळतोय आणि दुसऱ्यात नुसता काळा कातळ. अम्ब्रेला फॉलचंही तसंच. प्रश्न तीन. कोणता धबधबा कधी वाहतो? मुलाला पाण्यात उतरवण्याजोगी जागा आहे का? आणि एका दिवसात उरकतं की मुक्काम हवा?

पाणलोट | बुधवार, रात्री १०.०५
फोटो दोन्ही खरे असणार. लोक 'भंडारदऱ्याचे धबधबे' असं एका दमात म्हणतात, पण तिथे तीन वेगवेगळी पाणी आहेत.

पहिलं धरणाचं पाणी. अम्ब्रेला फॉल नैसर्गिक धबधबा नाही. धरणाच्या भिंतीतल्या मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या गोलसर खडकावर पडतं आणि चारी बाजूंनी घसरतं, म्हणून छत्रीचा आकार. मोरी बंद तर छत्री बंद, मग वर कितीही पाऊस असो. पाणी मोरीच्या पातळीपर्यंत चढलेलं हवं आणि ते सोडायचा निर्णयही झालेला हवा. जूनमध्ये आणि जुलैच्या सुरुवातीला धरण भरत असतं, तेव्हा जलसंपदा खातं पाणी अडवणार की तुमच्या फोटोसाठी सोडणार?

दुसरं कृष्णवंतीचं. ही नदी कळसूबाईच्या बाजूने येते आणि तिच्यावर वाकीचा लघु पाटबंधारे तलाव आहे. तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की कृष्णवंतीचं पाणी रंध्याकडे येतं. म्हणजे भंडारदरा धरणातून थेंबभर पाणी सुटलं नसलं तरी रंधा वाहू शकतो. पेपरात 'वाकी ओव्हरफ्लो' अशी चौकट आली की रंधा सुरू झाला असं समजायचं. त्यानंतर मोठं धरण भरून सांडव्यातून प्रवरा नदीत विसर्ग सुरू झाला की रंध्याचं खरं रूप दिसतं. उंची साधारण १७० फूट.

तिसरं डोंगराचं. न्हाणी, नेकलेस, कोलटेंभ्याचा आणि रस्त्याकडेला कड्यांवरून उतरणारे बिननावाचे शेकडो. यांचं पाणलोट क्षेत्र एवढंसं असतं, त्यामुळे पावसाची मोठी सर आली की तासाभरात फुगतात आणि दोन दिवस उघडीप मिळाली की दोरीएवढे होतात.

धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. साठा १०,५०० वर गेला की 'तांत्रिकदृष्ट्या भरले' असं जाहीर करतात. चांगल्या वर्षी हे जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात होतं. तुमच्या तारखांना डोंगरातले धबधबे नक्की, रंधा बहुधा, अम्ब्रेला नशिबावर.

धुकं_धुकं | बुधवार, रात्री १०.३१
वाचनखूण साठवली. पण रंधा उन्हाळ्यात कोरडा का असतो? आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं पाणी तर नदीतूनच खाली जातं ना?

पाणलोट | बुधवार, रात्री १०.४८
सगळं नदीतून जात नाही. धरणातून आलेलं पाणी रंध्याच्या वर अडवून कोदणीच्या वीजगृहाकडे वळवलेलं आहे, ३४ मेगावॅटचं. ते धबधब्याला वळसा घालून खाली जातं आणि निळवंडे धरणात पोचतं. वीजगृहाला झेपेल त्याहून जास्त पाणी आलं तरच उरलेलं कड्यावरून पडतं.

वळणवाट | गुरुवार, सकाळी ७.२०
पुण्याहून येणाऱ्यांनी रंधा जातानाच करावा. नारायणगाव, आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असं आलात की शेंडीच्या, म्हणजे भंडारदरा धरणाजवळच्या गावाच्या, साधारण दहा किलोमीटर आधी रंधा लागतो. मुंबई-नाशिककडचे घोटी, बारी, वारंघुशी फाटा असे येतात, त्यांच्यासाठी तो शेवटी. कोतूळचा रस्ता अरुंद वाटला तर संगमनेर-अकोले-राजूर घ्या. लांब आहे पण रुंद आहे. पावसात पुण्याहून पाच-साडेपाच तास धरा.

शेंडीत पोचल्यावर जलाशयाची फेरी: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत भंडारदरा. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कागदावर दीड तास, पावसाळी रविवारी सहा तास. १५ ऑगस्टला आणि गर्दीच्या शनिवार-रविवारी पोलीस एकेरी वाहतूक करतात, तेव्हा दिशा नाक्यावर विचारूनच गाडी घाला. उलट्या दिशेने घुसलेली एक गाडी अख्खा रस्ता तासभर बंद करते.

धुक्यात हेडलाइट खाली, म्हणजे लो बीमवर. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांवरच येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय हे कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा. नुसता ब्लोअर लावला तर ओले कपडे घातलेल्या चार माणसांची वाफ गाडीतच फिरत राहते. टायरची नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर आधी टायर बदला. टाकी राजूरला किंवा घोटीला भरून घ्या.

आणि गाडी साइडपट्टीवर उतरवू नका. वर गवत दिसतं, खाली भिजलेली माती आणि मुरूम असतो. एक चाक बुडलं की ट्रॅक्टर शोधत बसाल.

बांधावरून | गुरुवार, सकाळी ८.०२
साइडपट्टीच्या पलीकडे भातखाचर असतं हेही लिहा हो. जुलै म्हणजे आवणीचा, भातलावणीचा महिना. बांधावर चढून फोटो काढणाऱ्यांच्या पायाने बांध फुटतो, खाचरातलं पाणी निघून जातं आणि नुकतं लावलेलं रोप उघडं पडतं. इरलं घेऊन वाकलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत, तेही आलंच.

जेवण घाटघर-रतनवाडीच्या बाजूला आधी सांगितलं तरच मिळतं. सकाळी जाताना सांगून ठेवा, दुपारी तांदळाची भाकरी आणि पिठलं तयार असतं. ऐन वेळी दहा माणसं दारात उभी राहिली तर चूल ओल्या लाकडावर पेटायलाच पाऊण तास जातो. पैसे रोख ठेवा, पलीकडे नेटवर्क जातं.

कातळ | गुरुवार, सकाळी ११.१५
मुलाच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही.

रंध्याला पाण्यात उतरायचंच नाही. वर नाही, खाली नाही. कठड्याच्या आतून बघा आणि पुढे निघा. वरच्या अंगाला पाणी पसरट आणि उथळ दिसतं, तिथेच लोक फसतात. वेगाचं पाणी फक्त पंधरा सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय काढून घेतं, आणि खाली शेवाळलेला बसाल्ट म्हणजे तेल लावलेली परात. विसर्गाचे आकडे 'क्युसेक'मध्ये येतात म्हणून कोणाला काही वाटत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरहून थोडं जास्त. हजार क्युसेक म्हणजे पाण्याचे जवळजवळ तीन मोठे टँकर दर सेकंदाला रिकामे होणं. धरणातून विसर्ग वाढवायच्या आधी भोंगा वाजतो आणि इशारा देतात, पण धबधब्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

डोंगरातल्या लहान धबधब्यांत जागा निवडायची असेल तर एवढं तपासा. धार कुठून पडते ते वरचं टोक दिसलं पाहिजे. पायाखालचा तळ दिसला पाहिजे. पाणी पडून ज्या बाजूने निघून जातं तिथे दरी किंवा रस्त्याखालचा नळ नको. ही शेवटची गोष्ट कोणी बघत नाही. रस्त्याकडेच्या धबधब्याचं पाणी रस्त्याखालच्या नळातून पलीकडे जातं. नळाच्या तोंडाशी पाणी गुडघाभरच असतं, पण आत ओढ जबरदस्त. लहान मूल त्यात पाय सटकून गेलं तर बाहेर काढता येत नाही. म्हणून रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला, नळाच्या तोंडापासून निदान आठ-दहा पावलं लांब.

थेट धारेखाली डोकं धरायचं नाही. पाण्याबरोबर दगड येतात. तीस मीटरवरून सुटलेला मुठीएवढा दगड खाली येईपर्यंत ताशी पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. धारेच्या बाजूला, तुषारांत बसा. भिजणं तेवढंच होतं.

मस्तमौला | गुरुवार, दुपारी १.४०
एवढी भीती कशाला? लाइफ जॅकेट आणि दोर नेला की डोहात आरामात पोहता येतं. पोहता येणाऱ्यांनी तरी.

कातळ | गुरुवार, दुपारी २.०५
नाही येत. धबधब्याच्या पायथ्याचा पांढरा फेस म्हणजे पाणी आणि हवा यांचं मिश्रण. ते साध्या पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही आणि जॅकेटही पुरेसं उचलत नाही. शिवाय पडणारं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि पुन्हा धारेकडेच वळतं. त्या फेऱ्यात सापडलेला पोहणारा काठाकडे हात मारतो आणि पाणी त्याला धारेखाली परत नेतं. तलावात किती किलोमीटर पोहता याचा इथे उपयोग नाही.

दोराचं तर आणखी वाईट. कमरेला दोर बांधून वाहत्या पाण्यात उतरलेला माणूस पडला आणि काठावरच्यांनी दोर ताणून धरला, तर प्रवाह त्याला खाली दाबतो. दोर ताणलेला असेपर्यंत तो वर येत नाही. बचाव पथकं वापरतात ती झटक्यात सुटणारी खास जॅकेटं असतात आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं.

आणि कायदाही आहे. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोकादायक ठिकाणी पाण्यात उतरायला मनाई करणारे आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली. जायच्या आदल्या दिवशी सध्या कोणता आदेश आहे ते बघून घ्या.

मस्तमौला | गुरुवार, दुपारी २.२०
दोराचं माहीत नव्हतं. मागे घेतो.

धुकं_धुकं | गुरुवार, दुपारी ३.१०
घाटघरच्या कोकणकड्यावरचा उलटा धबधबा मुलांना दाखवण्यासारखा आहे का? तो नेमका कशाने उलटा जातो?

पाणलोट | गुरुवार, दुपारी ४.००
वाऱ्याने. नैऋत्येकडून, कोकणाच्या बाजूने येणारा वारा सरळसोट कड्यावर आपटतो आणि त्याला वर जाण्यावाचून वाट नसते. कड्यावरून पडणारी धार पातळ असेल तर तो तिला उचलून परत माथ्यावर टाकतो. त्यामुळे मुसळधार पावसात तो उलटा दिसेलच असं नाही. धार जाड झाली की वाऱ्याला उचलत नाही, ती सरळ खाली जाते. मध्यम पाऊस आणि जोराचा वारा हे गणित जमावं लागतं.

कातळ | गुरुवार, दुपारी ४.२५
दाखवा, पण कठड्याच्या आतून. वारा तोंडावर येत असतो म्हणून माणूस नकळत पुढे झुकून उभा राहतो, अंगाचा भार वाऱ्यावर टाकून. झोत एकदम थांबला की तो भार पुढे जातो, म्हणजे दरीकडे. मुलाचा हात नाही, मनगट धरा. ओला तळवा हातातून निसटतो. पाँचो घालून तिकडे जाऊ नका, शीड होतं त्याचं. रेनकोट आणि पँट बरी. छत्री गाडीतच ठेवा.

रानजाई | गुरुवार, रात्री ८.५०
केवढी माहिती! मग दोन दिवसच करतो. सासूबाईंना काय दाखवता येईल? आणि सांदण दरी?

वळणवाट | गुरुवार, रात्री ९.१५
सांदण पावसाळ्यात बंद. ती मुळात पाणी कोकणाकडे जायची घळ आहे, पावसात आत नदी वाहते. साम्रदला पोचल्यावर कोणी 'थोडं आतपर्यंत नेतो' म्हणालं तरी नाही म्हणा.

सासूबाईंना रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर. हेमाडपंती, कोरीव काम सुरेख, शेजारी पुष्करणी. भर पावसात गाभाऱ्यात पाणी साचून पिंड पाण्याखाली जाते, ते पाहण्यासारखं असतं. फरशी निसरडी होते, चप्पल काढल्यावर हात धरून न्या. डोंगरातले बहुतेक धबधबे गाडीत बसून दिसतात. अम्ब्रेला सुरू असेल तर खालच्या पुलाकडून दिसतो.

पूर्ण परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन खात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीचं शुल्क वेगवेगळं भरावं लागतं. पावती जपून ठेवा, दुसऱ्या नाक्यावर मागतात. दारू, मोठ्याने गाणी आणि ड्रोन तिघांनाही बंदी आहे.

पाणलोट | गुरुवार, रात्री ९.४०
दिवस कसा निवडायचा ते राहिलं. पेपरात रोज घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा आणि वाकी इथल्या पावसाचे मिलिमीटर येतात. घाटघर-रतनवाडीला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही, त्यांचे आकडे शेंडीपेक्षा बरेच जास्त असतात. लोक शंभर-दीडशेचा आकडा पाहून हुरळून निघतात आणि दिवसभर धुक्याची भिंत बघून परततात. दोन-तीन दिवस शंभरच्या वर पडून गेलेला असावा आणि जायच्या दिवशी आकडा वीस-तीसवर उतरलेला असावा. धबधबे भरलेले असतात आणि ढग मधून मधून उघडतात. जमलं तर मंगळवार-बुधवार गाठा.

उलट, तीन दिवस झड लागलेली असेल आणि हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर घाटघरच्या बाजूला जाऊच नका. दरडी तेव्हाच येतात.

तिसरा_डोळा | गुरुवार, रात्री १०.१२
फोटोवाल्यांसाठी थोडं अवांतर. कॅमेरा एसीच्या गाडीतून थेट बाहेर काढला की काचेवर बाष्प धरतं आणि पुसलं तरी पुन्हा धरतं. बॅग बंद ठेवून डिकीत टाका, उतरल्यावर वीस मिनिटांनी उघडा. धार रेशमासारखी हवी तर शटर पाव ते अर्धा सेकंद, ट्रायपॉडवर. पाण्याचा जोर दाखवायचा तर १/५०० च्या वर. रंध्याला तुषार कठड्यापर्यंत येतात, त्यामुळे दर दोन फोटोंनी लेन्स पुसावी लागते. जुना धुतलेला सुती रुमालही पाणी चांगलं टिपतो. मोबाइलवाल्यांनीही तेच करावं, निम्मे धुरकट फोटो धुक्याने नाही, लेन्सवरच्या थेंबाने येतात.

कातळ | शुक्रवार, सकाळी ७.३०
एक राहिलं. ओढ्यात पाय घालून बसलेले असताना पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहत आला किंवा आवाज जड झाला, तर सामान तिथेच सोडून उठायचं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाऊस वरच्या सड्यावर, म्हणजे पठारावर पडलेला असतो. प्रवाहाच्या दिशेने पळायचं नाही, बाजूला आणि वर चढायचं. आणि ज्या काठाला गाडी आहे त्याच काठाला बसायचं, म्हणजे ओढा ओलांडायची वेळच येत नाही.

पायात खोल खाचांचे रबरी तळ. क्रॉक्स नको, स्लिपर तर नाहीच. खडक निवडताना काळा चकचकीत टाळा, खरखरीत करडा बघून पाय टाका. ओल्या मुळावर कधीच नाही.

मोबाइलला रेंज असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. जवळचं मोठं गाव राजूर, तिथे ग्रामीण रुग्णालय आहे.

रानजाई | शुक्रवार, सकाळी ९.०५
बेत असा ठरवला. मंगळवारी पहाटे पाचला निघून कोतूळमार्गे साडेदहापर्यंत रंधा, मग शेंडीत मुक्काम. बुधवारी सकाळी सातला फेरी सुरू, आधी घाटघर, मग रतनवाडी. जेवण जातानाच सांगून ठेवू. शेवटचं विचारते, सोमवारपर्यंत वाकी भरला नाही तर?

बांधावरून | शुक्रवार, सकाळी ९.४०
तर रंध्याला गाडीतून उतरूही नका. सरळ शेंडी गाठा आणि फेरी मंगळवारी दुपारीच सुरू करा, दुपारी धुकं जरा वर जातं. फक्त मग जेवणाचा निरोप आदल्या दिवशी द्यावा लागेल. मुक्कामाच्या ठिकाणच्या माणसाला सांगितलंत तर तो फोन करून ठेवतो. आणि सासूबाईंना नाचणीची भाकरी चालते का तेही कळवा, तांदळाचीच हवी असेल तर पीठ दळून ठेवावं लागतं.